यंत्राला दुखणे सांगताना चिठ्ठी पक्की लिहा

या पानावर आपण नेहमी सुताचे भाव, उधारी, वीजबिल आणि मंदी यांची चर्चा करतो. आज आम्ही दुखण्याविषयी लिहीत आहोत. विषय धंद्याबाहेरचा वाटेल, पण तसा तो नाही. ज्याच्या हातापायांवर धंदा उभा आहे तो माणूसच आडवा झाला, तर भाव चढला काय आणि उतरला काय, त्याला सारखेच.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. आमचे एक व्यापारी मित्र एका लग्नाचे जेवण जेवून रात्री अकराच्या सुमारास घरी आले आणि त्यांच्या छातीत जळजळ सुरू झाली. वय ५४, साखरेचा आजार दहा वर्षांचा. घरच्यांना उठवण्याऐवजी त्यांनी खिशातला फोन काढला आणि त्यातल्या बोलक्या यंत्राला विचारले, ‘लग्नात बिर्याणी जास्त झाली, पित्त झाले आहे, घरगुती उपाय सांगा.’ यंत्राने उपाय सांगितले. थंड दूध घ्या, ओवा चावा, उशी उंच करून डाव्या कुशीवर झोपा. पित्तासाठी म्हणून यात वावगे काहीच नव्हते. मित्र झोपले. पहाटे चार वाजता घामाने कुडता भिजला, डावा हात जड झाला, तेव्हा मुलांनी उचलून रुग्णालयात नेले. तो हृदयविकाराचा झटका होता. जीव वाचला, पण हृदयाचा काही भाग कायमचा निकामी झाला. पूर्वी दुकानाच्या माळ्यावर थाने वाहून नेणारा हा माणूस आज एक जिना चढला की कठड्याला धरून उभा राहतो.

काही आठवड्यांनी आम्ही त्यांच्या दुकानात गादीवर बसलो होतो. त्याच फोनवर, त्याच यंत्राला आम्ही त्या रात्रीची हकिकत पुन्हा लिहिली. या वेळी वय लिहिले, साखर लिहिली, जळजळ छातीच्या मधोमध होती हे लिहिले, घाम आणि डाव्या हाताचा जडपणाही लिहिला. ‘पित्त’ हा शब्द मात्र लिहिला नाही. उत्तराची पहिलीच ओळ होती की ही हृदयविकाराची लक्षणे असू शकतात, वेळ न घालवता रुग्णालयात जा. आमचे मित्र त्या ओळीकडे बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे चूक माझीच होती?”

त्या दिवशी आम्हाला उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न आहे.

कच्चा सौदा आणि पक्का सौदा

यंत्राला आपण लिहून किंवा बोलून जे सांगतो त्याला जाणकार मंडळी ‘प्रॉम्प्ट’ म्हणतात. शब्द नवा असला तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे. आम्ही तिला सौद्याची चिठ्ठी म्हणतो. ग्रे कापडाचा सौदा करताना आपण दलालाला ‘चांगला माल पाठवा’ एवढेच सांगतो का? ताण्याला कोणत्या काउंटचे सूत, बाण्याला कोणते, इंचाला रीड किती, पिक किती, पन्हा किती, मीटर किती, माल कोणत्या तारखेला हवा, हे सारे लिहून देतो. यातली एक बाब सुटली तर माल येतो, पण आपल्या कामाचा नसतो. आणि तक्रार घेऊन गेलो तर कारखानदार चिठ्ठी समोर धरतो की साहेब, यात पन्हा कुठे लिहिला आहे?

हे बोलके यंत्र त्या कारखानदारासारखेच आहे. ते तुमची नाडी पाहू शकत नाही. तुमचा चेहरा पांढरा पडला आहे की पिवळा, श्वास घेताना खांदे उचलले जातात की नाही, तुम्ही चालत आलात की कोणी धरून आणले, यातले त्याला काही दिसत नाही. अफाट मजकूर वाचून, कोणत्या शब्दांनंतर कोणते शब्द येणे संभवनीय आहे, याचा अंदाज बांधायला ते शिकलेले आहे. चिठ्ठीत जेवढे असेल तेवढ्यावरच त्याचा अंदाज चालतो. चिठ्ठीत पित्त असेल तर उत्तरात ओवा येणारच.

२०२२ च्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले. त्यानंतर अशी यंत्रे आपल्या मोहल्ल्यात पोहोचायला वेळ लागला नाही. आज मागावर काम करणारा मुलगाही खोकल्याचे औषध फोनला विचारतो, आणि त्याला आम्ही दोष देत नाही. यंत्रमागावरची मजुरी कापडाच्या मीटरवर मिळते. दवाखान्याच्या रांगेत अर्धा दिवस गेला तर अर्ध्या दिवसाची मजुरी गेली, वर डॉक्टरची फी आणि रिक्षाचे भाडे. फोन मात्र रात्री बारा वाजताही फुकट उत्तर देतो. म्हणून ‘फोनला विचारू नका’ असा उपदेश करून कोणी ऐकणार नाही. विचारायचेच असेल तर कसे विचारावे आणि कुठे थांबावे, हे शिकणे व्यवहाराचे आहे.

परीक्षेत पास, बाजारात नापास

ही यंत्रे अडाणी आहेत असे कोणी समजू नये. २०२३ साली गूगलच्या मेड-पाम २ या वैद्यकीय यंत्रप्रणालीने अमेरिकेतील डॉक्टरी परवान्याच्या परीक्षेच्या धर्तीवरील प्रश्नांत ८६.५ टक्के गुण मिळवले. एवढे गुण मिळवणारा मुलगा आपल्या घरात असता तर आपण पेढे वाटले असते.

परंतु परीक्षेचा प्रश्न आणि रुग्णाचा प्रश्न यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. परीक्षेचा प्रश्न जाणत्या माणसाने लिहिलेला असतो. त्यात वय, लक्षणे, तपासण्या सर्व व्यवस्थित मांडलेले असते. खऱ्या रुग्णाची चिठ्ठी अर्धवट असते. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी नेमकी हीच बाब तपासून २०२५ साली निष्कर्ष जाहीर केले. ब्रिटनमधील १,२९८ सामान्य लोकांना त्यांनी आजाराचे दहा प्रसंग वाटून दिले. काहींना यंत्राची मदत दिली, काहींना नेहमीच्या मार्गाने माहिती शोधू दिली. यंत्राला संपूर्ण प्रसंग थेट सांगितला तेव्हा त्याने सुमारे ९५ टक्के वेळा संबंधित आजार ओळखला. तेच यंत्र सामान्य माणसाच्या हाती दिले तेव्हा हे प्रमाण ३५ टक्क्यांच्याही खाली आले. म्हणजे ज्यांच्याजवळ यंत्र नव्हते त्यांच्यापेक्षा हे लोक काही सरस ठरले नाहीत.

कारण काय? संशोधकांनी माणूस आणि यंत्र यांच्यातला संवाद वाचून पाहिला. लोकांनी महत्त्वाची लक्षणे सांगितलीच नव्हती. आणि यंत्राने चार गोष्टी सांगितल्या तर त्यातली कामाची कोणती, बिनकामाची कोणती, हे त्यांना निवडता आले नाही. माल चांगला होता, विकणाराही चांगला होता, पण मधला सौदाच बिघडला. आपण बाजारातली माणसे, हे दुखणे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

प्रश्नातच उत्तर भरू नका

आमच्या मित्राची चिठ्ठी अपुरी होती, एवढेच नव्हे. तिच्यात निकालही आधीच लिहिलेला होता. ‘पित्त झाले आहे’ हे लक्षण नाही, तो त्यांनी स्वतःच दिलेला निवाडा होता. यंत्राने तो मान्य केला आणि पुढचे काम सुरू केले.

यंत्राची ही खोड तपासून पाहिलेली आहे. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई येथील संशोधकांनी ऑगस्ट २०२५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. डॉक्टरांनी ३०० रुग्णकथा रचल्या आणि प्रत्येकीत एक बनावट गोष्ट घुसडली. जगात अस्तित्वातच नसलेली एखादी तपासणी, नसलेले लक्षण किंवा नसलेला रोग. सहा यंत्रप्रणालींना या कथा दिल्या. यंत्रानुसार ५० ते ८२ टक्के वेळा यंत्राने ती खोटी गोष्ट खरी धरून त्यावर विस्ताराने लिहिले. मग संशोधकांनी चिठ्ठीत सावधगिरीची सूचना जोडली की खात्रीची माहिती असेल तेवढीच वापर आणि जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणून सांग. एवढ्याने चुकांची सरासरी ६६ टक्क्यांवरून ४४ टक्क्यांवर आली.

यातून दोन धडे मिळतात. एक, चिठ्ठीतल्या दोन ओळींनी बराच फरक पडतो. दोन, उत्तम चिठ्ठी लिहूनही शंभरात ४४ चुका शिल्लक राहिल्या. पहिला धडा ऐकून जो दुसरा विसरेल तो नुकसानीत जाईल.

बोलीचा घोटाळा

आता आपल्या भाषेकडे वळू. आम्ही उर्दू शाळेत शिकलो, व्यवहार मराठीत करतो, घरी दखनी मिसळलेली बोली बोलतो आणि फोनवर रोमन अक्षरांत लिहितो. आपल्याकडे माणूस म्हणतो ‘घबराहट हो रही है’. याचा अर्थ कधी मनाची चिंता असतो, कधी छातीची धडधड, तर कधी दम लागणे. ‘कमजोरी’ म्हणजे थकवा, चक्कर आणि भूक न लागणे यांपैकी काहीही. ‘गॅस’ हा तर पोटापासून छातीपर्यंत सगळीकडे फिरणारा शब्द आहे. मोहल्ल्यातला जुना डॉक्टर ‘घबराहट’ ऐकून विचारी, “हात कुठे ठेवतोस सांग, छातीवर की पोटावर?” यंत्र मात्र शब्दाचा पुस्तकी अर्थ घेऊन खोल श्वास घेण्याचे आणि शांत राहण्याचे सल्ले देऊन मोकळे होऊ शकते.

लिहिण्याच्या ढबीनेही उत्तर बदलते. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी २०२५ साली दाखवले की रुग्णाच्या मजकुरात टंकलेखनाच्या चुका, जादा मोकळ्या जागा किंवा अनिश्चित, भावनिक भाषा असेल तर यंत्राचा सल्ला बदलतो. दवाखान्यात जाण्याऐवजी ‘घरीच काळजी घ्या’ असे सांगण्याकडे ते अधिक झुकते. स्त्री रुग्णांच्या बाबतीत चुका अधिक आढळल्या. तो अभ्यास इंग्रजी मजकुरावरचा होता. मग मोडक्या रोमन लिपीत घाईघाईने लिहिणाऱ्या आपल्या कामगाराने आणि घरात बसून कांडी भरणाऱ्या आपल्या बहिणीने किती जपून राहिले पाहिजे, याचा विचार प्रत्येकाने करावा.

उपाय साधा आहे. ढोबळ शब्द टाका. कुठे, कधीपासून, केव्हा वाढते, केव्हा कमी होते, हे लिहा. आणि ज्या भाषेत तुम्हाला विचार सुचतो त्या भाषेत, तिच्याच लिपीत, सावकाश लिहा.

पेशा सांगितल्याशिवाय दुखणे कळत नाही

इटलीचे वैद्य बर्नार्डिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या रोगांवर एक ग्रंथ लिहिला. वैद्यांनी रुग्णाला विचारायच्या जुन्या प्रश्नांत त्यांनी एका प्रश्नाची भर घातली की तुझा धंदा काय? तीनशे वर्षांपूर्वीचा हा प्रश्न आजच्या यंत्राच्या चिठ्ठीतही पहिल्या ओळीत हवा.

एक उदाहरण आपल्याच कामाचे घेऊ. कापसाच्या धुळीमुळे फुप्फुसांचा एक रोग होतो, त्याला बिसिनोसिस म्हणतात. पिंजाई, कार्डिंग आणि सूतकताईच्या खात्यांत तो अधिक, विणाईच्या शेडमध्ये तुलनेने कमी. याची सुरुवातीची ओळख अशी की आठवड्याच्या सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते आणि पुढचे दिवस बरे जातात. धूळ चालू राहिली तर त्रास रोजचा होतो आणि शेवटी फुप्फुसे कायमची कमजोर होतात. विलायतेत रविवारची सुट्टी, म्हणून पुस्तकांत याला सोमवारचा ताप किंवा सोमवारची छाती असे नाव पडले.

आमच्या मालेगावात माग शुक्रवारी बंद असतात. म्हणजे आपल्या कामगाराची छाती सोमवारी नाही, शनिवारी आवळेल. त्याने यंत्राला ‘शनिवारी खोकला येतो’ एवढेच लिहिले तर यंत्राने काय ओळखावे? पण ‘मी सुताच्या धुळीत १२ वर्षे काम करतो, शुक्रवारी सुट्टी असते, शनिवारी छाती आवळते, मंगळवारपर्यंत बरे वाटते’ असे लिहिले, तर यंत्राच्या हाती धागा लागतो. डॉक्टरसमोर बसल्यावरही हीच चार वाक्ये सांगावीत. कारण हा रोग दमा समजून किंवा साधा खोकला समजून वर्षानुवर्षे तसाच राहू शकतो.

मागाच्या खडखडाटात वर्षे काढलेल्यांचे कान, सायझिंगच्या उष्णतेत उभे राहणाऱ्यांचे पाणी सुकणे, रंगाच्या कामातल्या हातांची त्वचा, या सर्वांना हाच नियम लागू आहे. आपला पेशा लपवू नका. डॉक्टरपुढेही नाही आणि यंत्रापुढेही नाही.

चिठ्ठीत काय असावे

आमच्या अनुभवाने आणि जाणत्या डॉक्टरांशी बोलून आम्ही चिठ्ठीचा एक साचा बनवला आहे. दुकानाच्या भिंतीवर लावण्याजोगा आहे.

१. वय, स्त्री की पुरुष, स्त्री असल्यास गरोदर आहे का किंवा अंगावर पाजते का.
२. पेशा, किती वर्षांचा, रोज किती तास, सुट्टीचा वार कोणता.
३. त्रास नेमका कुठे, कधीपासून, कशाने वाढतो, कशाने कमी होतो. रोगाचे नाव स्वतःहून लिहू नये.
४. बरोबरीने आणखी काय होते, म्हणजे ताप, घाम, वजन उतरणे, उलटी, दम लागणे. काय होत नाही, तेही लिहावे.
५. जुने आजार आणि चालू असलेली सर्व औषधे. हकीमसाहेबांचे चूर्ण आणि दुकानातून आणलेली गोळीही यात धरावी.
६. तंबाखू, बिडी, गुटखा. इथे खोटे लिहून आपलेच नुकसान.
७. कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का.

यानंतर यंत्राला या शब्दांत सांगावे. ‘उत्तर देण्यापूर्वी तुला जे विचारायचे असेल ते मला एकेक करून विचार. त्यानंतर संभवणारी कारणे सांग आणि त्यांपैकी सर्वात धोक्याचे कोणते ते आधी सांग. कोणत्या लक्षणांवर ताबडतोब रुग्णालयात जावे ते सांग. खात्री नसेल तिथे खात्री नाही म्हण. डॉक्टरला दाखवण्यासाठी माझ्या त्रासाचा पाच ओळींचा सारांश करून दे.’

यातली शेवटची ओळ आम्हाला सर्वात मोलाची वाटते. सरकारी दवाखान्यात डॉक्टरसमोर मिनिट-दोन मिनिटेच मिळतात. त्या वेळात गोंधळून ‘सगळंच दुखतं’ म्हणण्यापेक्षा पाच ओळींचा कागद पुढे ठेवावा. यंत्राला डॉक्टर बनवू नका, मुनीम बनवा. तो जमाखर्च नीट मांडून देईल, निर्णय डॉक्टरने घ्यावा.

जिथे चिठ्ठी लिहूच नये

काही प्रसंगी चांगली चिठ्ठीही नको. छातीत दाब किंवा जळजळ आणि सोबत घाम किंवा दम, तोंड वाकडे होणे, अचानक एक हात-पाय लुळा पडणे किंवा बोबडी वळणे, शुद्ध हरपणे, न थांबणारा रक्तस्राव, गरोदरपणात रक्त जाणे, लहान मुलाला श्वास घेता न येणे. अशा वेळी फोन हाती असेल तर त्यावर १०८ फिरवा, प्रश्न टाइप करत बसू नका.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकीची तपासणी करून घ्यावी, हा क्षयरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा जुना नियम आहे. तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात. इथे फोनच्या उत्तराची वाट पाहायचे कारण नाही. याच कामी दुसऱ्या प्रकारचे यंत्र उपयोगी पडते, ते छातीचा एक्स-रे वाचते. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने १५ वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या क्षयरोग चाळणीसाठी अशा यंत्रांच्या वापराची शिफारस केली. त्या यंत्राला चिठ्ठी लागत नाही, फोटो लागतो, आणि पुढे थुंकीची तपासणी होतेच. बोलके यंत्र आणि हे एक्स-रे वाचणारे यंत्र यांत गल्लत करू नये.

आणि यंत्राच्या सांगण्यावरून औषध सुरू करणे, बंद करणे किंवा मात्रा बदलणे कदापि करू नये. २०२५ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी एका ६० वर्षांच्या गृहस्थाची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. जेवणातील मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. आहारातून क्लोराइड काढून टाकायचे या गृहस्थाच्या मनाने घेतले. चॅटजीपीटीशी विचारविनिमय करून त्याने मिठाऐवजी सोडियम ब्रोमाइड घेतले आणि तीन महिने खाल्ले. शेजारी आपल्यावर विषप्रयोग करतो असा भ्रम होऊन तो रुग्णालयात आला. वास्तविक विष त्याच्या मिठातच होते. उपचारांनी तो बरा झाला. डॉक्टरांनी त्याच यंत्राच्या जुन्या आवृत्तीला स्वतः विचारून पाहिले, क्लोराइडच्या जागी काय वापरता येईल? उत्तरात ब्रोमाइडचे नाव आले. धोक्याचा नेमका इशारा नव्हता आणि ‘तुला हे कशासाठी हवे आहे?’ असे यंत्राने विचारलेही नाही. कोणताही डॉक्टर ते विचारल्याशिवाय राहिला नसता.

घरची गोष्ट घरात राहू द्या

चिठ्ठी पक्की लिहायची म्हणजे सर्व काही लिहायचे असे नव्हे. नाव, आधार क्रमांक, आभा क्रमांक, पत्ता, फोन नंबर यांचा निदानाशी काही संबंध नाही, तेव्हा ते लिहू नयेत. रिपोर्टचा फोटो टाकायचा असेल तर वरचे नाव झाकावे. एकच फोन घरातले सर्वजण वापरतात, तिथे स्त्रीने विचारलेला नाजूक प्रश्न दुसऱ्याच्या नजरेस पडतो, तेव्हा संवाद पुसण्याची सवय ठेवावी. आपल्या भगिनी संकोचापोटी डॉक्टरला न विचारलेले यंत्राला विचारतात, हे आम्ही जाणतो. त्यात गैर काही नाही. पण त्या उत्तरावरच थांबू नये, लेडी डॉक्टरपर्यंत पोहोचण्याची ती पहिली पायरी मानावी.

कारखानदार बंधूंनाही एक सांगणे. कामगाराचा रिपोर्ट त्याला न विचारता यंत्रात टाकून ‘हा कामाला लायक आहे का’ असे विचारणे ही अमानतीत खयानत आहे. २०२३ साली संसदेने वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आहे. पण कायद्याआधी माणुसकी आहे.

मग चूक कोणाची?

आता आमच्या मित्राच्या प्रश्नाकडे येतो. चूक त्यांची होती का?

थोडी होती, हे आम्ही त्यांच्या तोंडावर सांगितले आहे. छातीचे दुखणे पित्तावर ढकलले आणि घरच्यांना उठवले नाही. पण सगळी चूक त्यांच्या माथी मारणे आम्हाला मान्य नाही. हल्ली जो तो म्हणतो की प्रॉम्प्ट चांगला द्या, उत्तर चांगले येईल. हे ऐकायला बरे वाटते, परंतु याचा अर्थ असा होतो की जो शिकलेला आहे, ज्याला मांडता येते, त्याला चांगला सल्ला आणि जो अडखळतो, ज्याच्या छातीत कळ येत आहे, त्याला ओवा. दुखणारा माणूस चिठ्ठी नीट लिहील अशी अपेक्षा जगातल्या कोणत्या वैद्याने केली आहे? आमच्या लहानपणी मोहल्ल्यातले हकीमसाहेब नुस्खा लिहिण्याआधी इतके प्रश्न विचारीत की आईला कंटाळा येई. विचारण्याचे काम त्यांचे होते, आमचे नव्हते.

कापडाच्या सौद्यातही तसेच आहे. नवा गिऱ्हाईक पन्हा सांगायला विसरला तर इमानदार कारखानदार गुपचूप वाटेल तो माल विणून टाकत नाही. तो निरोप पाठवतो की पन्हा किती हवा? जो विचारीत नाही तो एक तर नवखा असतो किंवा त्याला फक्त माल खपवायचा असतो. ५४ वर्षांचा की २४ वर्षांचा हे न विचारता छातीच्या जळजळीवर उपाय सांगणारे यंत्र या दोहोंपैकी कोणत्या जातीचे म्हणायचे, ते बनवणाऱ्यांनी ठरवावे.

जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२४ मध्ये या बोलक्या यंत्रांविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत सरकारांसाठी आणि बनवणाऱ्यांसाठी चाळीसहून अधिक शिफारशी आहेत. आपल्या देशात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२३ साली नैतिक नियमावली दिली. कागद तयार आहेत. आमची मागणी एवढीच की दुखण्याचा शब्द दिसताच यंत्राने आधी चार प्रश्न विचारावेत, तेही मराठीत, उर्दूत, आणि रोमन लिपीतल्या आपल्या मोडक्या बोलीतही. उत्तर त्यानंतर द्यावे.

ते होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हातात जे आहे ते आपण करू. प्रत्येक मोहल्ल्यात कॉलेजात शिकणारी मुले-मुली आहेत. त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ काढून कामगारांना ही चिठ्ठी लिहून द्यायला बसावे. पूर्वी अशीच माणसे पोस्टाजवळ बसून परगावच्या मजुरांची पत्रे लिहून देत. आणि कारखानदारांनी आजारी कामगाराला अर्ध्या दिवसाची मजुरी न कापता दवाखान्यात जाऊ द्यावे. माग अर्धा दिवस बंद राहिला तर किती मीटरचा तोटा होतो, हा हिशेब आम्हालाही येतो. पण अनुभवी कारागीर कायमचा गेला तर तो तोटा कोणत्या वहीत लिहिणार?

आमच्या मित्राने हल्ली दुकानाच्या गल्ल्यावर एक कागद चिकटवला आहे. त्यावर वर १०८ हा आकडा मोठ्या अक्षरांत लिहिला आहे आणि खाली आपले वय, आजार व औषधांची नावे. नोकराला त्यांनी सांगून ठेवले आहे की मला काही झाले तर आधी वरचा नंबर फिरव, खालचे डॉक्टरला वाचून दाखव, आणि मी पित्त आहे म्हणालो तर माझे ऐकू नकोस.